घर ट्रेलरवर चढण्याआधी

बाय, काल तुझा फोन ठेवला आणि रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं. कडावच्या रस्त्याला तुझ्या आईच्या वाटणीची जी बारा गुंठे जागा आहे, तिथे तू विटा-वाळूच्या भानगडीत न पडता फॅक्टरीत तयार झालेलं घर आणून ठेवणार आहेस. मला आनंदच झाला. पावसाळ्याआधी घर उभं करायचं तर हाच मार्ग सोपा. पण जाता जाता तू म्हणालीस, "घर एकदा येऊन बसलं ना मामा, की मग सोलरवाल्याला बोलावू." तिथे मी अडखळलो. फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून हे लिहितो आहे. सगळ्यात आधी एवढंच ध्यानात ठेव, सूर्याचं काम नकाशात आधी येतं आणि ट्रेलर त्यानंतर.

विटांच्या घराला मागाहून चार खिळे मारता येतात, भिंत फोडून पाइप घालता येतो. डब्याचं घर तसं नाही. ते एकदा हायड्रा क्रेननं उचलून ठेवलं की पुन्हा फिरवता येत नाही, आणि त्याच्या पत्र्यात पाडलेलं प्रत्येक भोक पुढची वीस वर्षं राखावं लागतं.

माझं आयुष्य खांबावर चढण्यात गेलं, हे तुला माहीत आहे. खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं, आपल्या भिवपुरीचं १९२२ साली. लोणावळ्याकडच्या आणि मावळातल्या तलावांचं पाणी घाटावरून खाली आणून त्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. त्या विजेच्या तारा आमच्या शेतांवरून जायच्या आणि घरात मात्र आम्ही चिमणीवर अभ्यास करायचो. आमच्या आळीत पहिला बल्ब लागला तेव्हा मी सातवीत होतो. म्हणून आपल्याच छपरावर आपली वीज तयार होते, हे मला अजूनही साधी गोष्ट वाटत नाही. आणि ती कोणी हलगर्जीपणानं बसवली की जीव तुटतो.

आधी जागा. डोंगराच्या पोटाशी, उताराखाली डबा ठेवू नकोस, कितीही देखावा असो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापुरात इर्शाळवाडीवर डोंगर आला. २७ जणांचे मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसं सापडलीच नाहीत. वाचलेल्यांना चौकजवळ कंटेनरच्या घरांत ठेवलं, पुढे सिडकोनं त्यांच्यासाठी ४४ पक्की घरं बांधली. तयार घर किती लवकर उभं राहतं हे आपल्या भागानं तिथेच पाहिलं, आणि तेही कशापायी, ते आठवलं की अजून घशाशी येतं. आईची जागा सपाट आहे, पण ओढा जवळ आहे. २००५ च्या २६ जुलैला तिथे पाणी कुठवर आलं होतं, ते शेजारच्या म्हाताऱ्यांना विचार. ते सांगतील त्या खुणेच्या दोन फूट वर जोतं घे. बॅटरी आणि इन्व्हर्टर त्याच्याही वर, कमरेच्या उंचीला, भिंतीवर.

मग सावली. सोलरवाला येतो, मोबाइलवर काहीतरी बघतो आणि "ऊन भरपूर आहे" म्हणून जातो. ऊन भरपूर आहे हे खरं, पण आपण डोंगरांच्या ओंजळीत राहतो. नेरळकडच्या घरांवरून माथेरानचा डोंगर संध्याकाळचं ऊन लवकर काढून घेतो. पूर्वेला सह्याद्रीच्या भिंतीखालच्या गावांत सकाळचा सूर्य उशिरा उतरतो. तुझी जागा मधल्या पट्ट्यात आहे, तरी दिवसभर एकदा तिथे बसून बघ. त्याहून जास्त त्रास झाडांचा. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीही सूर्य दक्षिणेला कललेला असतो, क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर. तेव्हा झाड जेवढं उंच, जवळजवळ तेवढीच लांब त्याची सावली उत्तरेला पडते. तो तीस फुटी रायवळ आंबा घराच्या दक्षिणेला असेल, तर त्याच्यापासून सत्तावीस फुटांपर्यंत दुपारच्या बाराचीही सावली. सकाळी नऊला तर आणखी लांब. आंबा तोडायचा नाही, तुझ्या आजीनं लावलेला आहे तो. डबा सरकवायचा. म्हणून म्हणतो, आधी ठरव. आणि बांधाला बांबू आहे तो विसरू नकोस, तो दर पावसाळ्यात वर चढतो.

चार पॅनलची माळ असते, एकावर फांदीची सावली आली तर नुकसान त्या एकाचं राहत नाही, सगळी माळच मंदावते. हे कोणी सांगत नाही. सावली टळणारच नसेल तर प्रत्येक पॅनलला वेगळा छोटा इन्व्हर्टर लावतात. महाग पडतं, पण अशा जागी तेच बरं.

आता डबा कसा ठेवायचा ते. वीस फुटी डबा म्हणजे वीस बाय आठ. हल्लीचं साडेपाचशे वॉटचं पॅनल साधारण साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद. चार पॅनल शेजारी शेजारी लावली की पंधरा फूट बाय साडेसात, म्हणजे छपरावर नेमकी मावतात, आणि दोन किलोवॅटच्या थोडं वर जातात. पण हे जमतं कधी? डब्याची लांब बाजू दक्षिणेला असेल तेव्हाच. म्हणजे डबा पूर्व-पश्चिम आडवा. रस्त्याच्या बाजूनं दिसायला छान म्हणून लोक तो उभा ठेवतात आणि मग पॅनल आडवीतिडवी चढवावी लागतात. पूर्व-पश्चिम ठेवलास की दुसरा फायदा असा, की पश्चिमेचं तापतं ऊन आणि पावसाची झड दोन्ही आठ फुटी आखूड भिंतीवर येतात. त्या भिंतीला खिडकी ठेवू नकोस. तुझ्या सासूबाईंना दक्षिणेचं दार चालणार नाही, ते मला ठाऊक आहे. दार पूर्वेला ठेव, दक्षिण फक्त छपराला दे.

पॅनलचा कल फार नको. पुस्तकात आपल्या अक्षांशाएवढा, म्हणजे एकोणीस अंश सांगतात. मी पंधरावर थांबतो. साडेसात फुटांच्या पॅनलला मागची बाजू पुढच्यापेक्षा दोन फूट वर, एवढाच. वारा कमी धरतं आणि पहिल्या पावसात धूळ वाहून जायला तेवढा उतार पुरतो. मेच्या मध्याला आपल्याकडे सूर्य नेमका डोक्यावर येतो, काठीला सावली उरत नाही. तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. त्यामुळे जास्त तिरपं केलंस तर उन्हाळ्यात उलट तोटाच.

आता छप्पर. इथे जरा थांब आणि नीट वाच.

खालापुरात एका ओळखीच्यांनी जुना कंटेनर घेऊन घर केलं. सोलर बसवणारे दोन मुलगे आले, ड्रिल काढलं आणि पत्र्याला सरळ भोकं पाडून पाय बसवले. वर सिलिकॉन फासलं. मे महिना होता, सगळं झकास दिसत होतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री अकराला मला बोलावणं आलं, दिवे फडफडतायत म्हणून. मी टॉर्च घेऊन गेलो. छतातून पाणी गळत नव्हतं, भिंतही कोरडी होती. मी मेन बंद करून डीबीचं, म्हणजे स्विचांच्या पेटीचं झाकण उघडलं, तर आतल्या तारेच्या टोकाशी एक थेंब लोंबत होता. तो पडला, मागून दुसरा तयार झाला. पाणी पॅनलच्या तारेला धरून, छतावरून कन्ड्युटमध्ये शिरून, बारा फूट प्रवास करून थेट एमसीबीवर उतरत होतं. घरात दोन लहान मुलं झोपली होती. त्या पोरांच्या अंगावरची गोधडी मला अजून दिसते.

त्या रात्रीपासून दोन गोष्टी मी सगळ्यांना सांगत आलो आहे. पहिली, छपराच्या पत्र्याला भोक पाडू द्यायचं नाही. कंटेनरचा सगळा जोर त्याच्या चार कोपऱ्यांच्या खांबांत असतो. वरचा पत्रा जेमतेम दोन मिलिमीटर, त्यावर माणूस चालला तरी खोलगट होतो. चार पॅनलचं वजन सव्वाशे किलोच्या आत आणि सांगाडा धरून दोनशेच्या आसपास. ते कोपऱ्यांवर आणि कडेच्या बीमवर आलं पाहिजे. फॅब्रिकेटरला सांग, घर त्याच्या शेडमध्ये असतानाच कोपऱ्यांना आणि कडेला जाड पट्ट्या वेल्ड करून घे आणि मग रंग मार. रंगानंतर वेल्डिंग केलं की तिथे पहिल्याच वर्षी गंज धरतो. घर कंटेनरचं नसून हलक्या लोखंडी सांगाड्याचं आणि पफ पॅनलचं असेल, तर आणखीच आधी सांगावं लागेल, कारण पफच्या पत्र्यात स्क्रू धरतच नाही. आत नुसता फोम असतो. खालच्या सांगाड्यात जास्तीची आडवी पट्टी कुठे हवी, ते ड्रॉइंगवर लिहून घे आणि त्यावर त्याची सही घे.

दुसरी गोष्ट तारेची. तार छतातून आत आणायचीच नाही. कडेवरून खाली उतरवायची, भिंतीशी यायच्या आधी भोकाच्या खाली झोळीसारखी लोंबू द्यायची, आणि मग खालून वर अशी भिंतीत घालायची. पाणी त्या झोळीच्या तळाला येऊन गळून जातं, आत चढत नाही. भोकाला ग्लँड हवाच. तो पाइप आणि ग्लँड फॅक्टरीतच बसवून घे, पुढे बॅटरी वाढवायची झाली तर म्हणून एक रिकामा पाइप जास्तीचा ठेव. दोनशे रुपयांचं काम आहे. नंतर करायला गेलीस की भिंत कापावी लागते.

तुझं घर दोन डब्यांचं आहे म्हणालीस, जागेवर आणून जोडायचं. मग तो जोड सांभाळ. दोन्ही डब्यांवरून पॅनल बसवायची एकच लांब रेल टाकू देऊ नकोस. मुरमाची जमीन पावसात थोडी बसते, दोन्ही डबे सारखे बसत नाहीत, आणि मग रेल वाकते किंवा जोडावरची पट्टी उचकटते. प्रत्येक डब्याची पॅनल त्याच्या त्याच्या सांगाड्यावर. जोडाच्या वर हात जाईल एवढी जागा मोकळी, कारण तिथला सीलंट दर दोन वर्षांनी बघावा लागणार. जोड ओलांडणाऱ्या तारेला थोडा ढील द्यायचा.

आणि हो, रेल फॅक्टरीत, पण पॅनल जागेवर. "सगळं बसवूनच पाठवतो" असं कोणी म्हणालं तर भुलू नकोस. ट्रेलरचे धक्के बसून काचेच्या आतल्या सेलला बारीक तडे जातात, डोळ्यांना दिसत नाहीत, फक्त वीज कमी येत राहते. शिवाय साडेआठ फूट उंचीचा डबा ट्रेलरवर चढला की तेरा फुटांच्या वर जातो, आणि आपल्या गावातल्या तारा किती खाली लोंबतात ते मी तुला सांगायला नको. येण्याच्या रस्त्यावरून आधी एकदा बांबू घेऊन चालत जा.

पॅनल आणि छप्पर यांच्यात हात सरळ जाईल एवढी फट ठेव. फूटभर मिळाली तर उत्तम. पॅनल तापलं की वीज कमी देतं, पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला शेकडा ०.३ ते ०.४ जातात. एप्रिलच्या दुपारी ते साठीच्या पुढे तापतं, मग हिशेब कर. पण मला त्याहून मोठा फायदा वाटतो तो घरातल्या माणसांचा. त्या खालापूरच्या घरात आम्ही पुढच्या वर्षी सगळं काढून कोपऱ्यांवर उंच सांगाडा केला. आधी एप्रिलात दुपारी तीनला आतून छताला तळहात लावला की चटका बसायचा. नंतर हात टेकवून ठेवता यायला लागला. पॅनलच घराची छत्री झाली. म्हणून ज्या दोन-तीन फुटांवर पॅनल नाही, तिथेही साधा पत्रा त्याच सांगाड्यावर ओढून घे. आपल्याकडे कुडाच्या घरावर पेंढा जाड का घालायचे, आठवतं ना?

वाऱ्याचं सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. आपण आत, डोंगराजवळ, तरी आमच्याकडे आंबे मुळासकट पडले आणि पत्रे शेतात जाऊन पडले. पॅनल वजनानं खाली पडेल ही भीती नसते. वारा खालून शिरून ते वर उचलतो. त्यामुळे सांगाडा कोपऱ्याला आणि डबा जमिनीला, दोन्ही जखडलेले हवेत. डबा नुसता ब्लॉकवर टेकवून मोकळा सोडतात, तसं चालणार नाही. पायात नटबोल्ट धरून काँक्रीट घाल. सांगाडा गरम जस्ताचा, बोल्ट स्टेनलेसचे, आणि ॲल्युमिनियमची फ्रेम लोखंडाला जिथे टेकेल तिथे रबराची चकती. आपल्या पावसात दोन धातू उघडे भिडले की एक दुसऱ्याला खातो.

त्या वादळानंतर आमच्या आळीत आठ दिवस वीज नव्हती. ज्यांच्या छपरावर सोलर होतं, तेही अंधारात होते, आणि चिडले होते. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की स्वतःही बंद होतो. तो तसाच बनवलेला असतो. नाहीतर तुझ्या छपराची वीज उलटी तारेत जाईल, आणि खांबावर चढलेला माझ्यासारखा माणूस मरेल. म्हणून वीज गेल्यावरही दिवा हवा असेल तर बॅटरीवाला, हायब्रिड इन्व्हर्टर घे. लिथियम आयर्न फॉस्फेटची, पाच युनिटची बॅटरी तुला पुरेल.

पुरेल कशी? तीस वॉटचे बीएलडीसी पंखे चार, दहा तास चालले की १.२ युनिट. सहा दिवे पाव युनिटच्या थोडं वर. फ्रिज एक युनिट. टीव्ही, फोन वगैरे ०.३. एक एचपीचा पंप अर्धा तास, ०.३७. सगळे मिळून दिवसाला तीन-सव्वातीन युनिट. एक किलोवॅटचं पॅनल चांगल्या उन्हात चार युनिट देतं, तर दोन किलोवॅट आठ देईल. जास्त वाटतं, पण जुलैत सलग झड लागली की निम्म्याखाली येतं, कधी पाव हिश्शावर. घर जुलैत चाललं पाहिजे, मेचा हिशेब करून काय उपयोग? एसी मात्र बॅटरीवर धरू नकोस, एक टनाचा एसी रात्रीत पाच युनिट खातो. आणि जुने पंच्याहत्तर वॉटचे पंखे तिथे आणू नकोस, ते इथे माझ्याकडे पाठव.

सरकारी मदतीचं थोडक्यात. फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजना आहे. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, पुढे कितीही लावलीस तरी ७८ हजारांवर नाही. मिळते ती ग्रिडला जोडलेल्या घरगुती कनेक्शनलाच, बॅटरीला नाही, आणि पॅनल देशात बनलेलीच लागतात. त्यामुळे आधी मीटर तुझ्या नावावर, घरगुती दरानं घे. बांधकामाच्या तात्पुरत्या मीटरवर काही होत नाही. पलीकडच्या कातकरी वाडीतली जी दोन-तीन घरं अजून तारेपासून लांब आहेत, त्यांना पीएम-जनमनमधून ०.३ किलोवॅटचा स्वतंत्र संच मिळू शकतो, घरामागे ५० हजारांपर्यंत. त्यांचे कागद भरायला कोणी नसतं. तू भर.

अर्थिंगला कंजुसी करणार नाहीस, असं मला वचन दे. लोखंडी डबा आहे, सगळं घरच एक मोठी तार आहे. पॅनलचं वेगळं, घरातल्या विजेचं वेगळं, वीजरोधकाचं वेगळं, असे तीन खड्डे. आपल्याकडे दोन फुटांवर काळा कातळ लागतो. मग खड्डा ओढ्याच्या बाजूला, ओल टिकते तिथे घे. मार्च-एप्रिलमध्ये त्यात बादलीभर पाणी ओतत जा, आणि वर्षातून एकदा मीटर लावून माप घे.

बाकी निगा राखणं तुझ्याच हातात. मार्च-एप्रिलमध्ये शेतात राब भाजतात, डोंगरात वणवे लागतात, वीटभट्ट्यांची राख उडते. सगळं पॅनलवर येऊन बसतं. दर दहा दिवसांनी सकाळी, काच थंड असताना, मऊ फडक्यानं आणि साध्या पाण्यानं धू. दुपारी तापल्या काचेवर गार पाणी टाकू नकोस. ऑगस्टमध्ये खालच्या कडेला शेवाळ धरतं, ते नखानं खरवडू नको, भिजवून काढ. धुवायला वर चढायला लागू नये म्हणून पूर्वेच्या बाजूला शिडीचे हूक आत्ताच वेल्ड करून घे. वानरं येतात, त्यांना लोंबती तार खेळायला आवडते, म्हणून तार पाइपातच हवी. उंदरांचंही तेच.

फॅक्टरीला ॲडव्हान्स अजून दिला नसशील तर येत्या रविवारी ये. सकाळी साडेआठला जागेवर पोच, म्हणजे नऊची सावली मिळेल. येताना पन्नास फुटी टेप, चुन्याची पिशवी आणि चार खुंट्या आण. काठी आणि दोरी माझ्याकडे आहे. बाराला आणि चारलाही खुणा करू, मधल्या वेळेत तुझी मामी डबा देईल तो आंब्याखाली खाऊ. मग घराचे दोन्ही डबे जमिनीवर चुन्यानं आखून टाकू. त्या रेघांचा फोटो फॅब्रिकेटरला पाठव, आणि त्याचं ड्रॉइंग आलं की छपराचं पान पहिलं माझ्याकडे धाड.